पोलीस स्वायत्त नकोत, जबाबदार हवेत

पोलिसांच्या प्रश्नावर आपल्याकडे जेव्हा जेव्हा गंभीरपणे चर्चा होते तेव्हा तेव्हा ती अखेर एकाच मागणीपाशी येऊन विसावते: पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून मुक्त करा. निवृत्त पोलीस महासंचालक ही मागणी करतात, इंग्रजी वृत्तपत्रांचे अग्रलेख तिची तळी उचलतात, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिच्यावर आपली मोहर उठविली, आणि आता आपल्या चळवळीतले कार्यकर्तेही शिबिरांतून व ठरावांतून ती बिनदिक्कत उच्चारू लागले आहेत. मंत्र्याच्या एका दूरध्वनीने निरीक्षकाची बदली होते, आमदाराच्या इशाऱ्यावर गुन्हा नोंदला जातो किंवा दाबला जातो, हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला ती पटावी यात नवल नाही. परंतु ती मागणी अपुरी आहे. किंबहुना रोगाचे निदानच तिच्यात चुकले आहे. मंत्र्याच्या तावडीतून सुटलेला पोलीस कोणाच्या आज्ञेत राहणार? कायद्याच्या, असे उत्तर मिळते. पण कायदा काही रात्री अकरा वाजता ठाण्याच्या कोठडीत डोकावून पाहात नाही. डोकवायला माणूस लागतो, आणि तो माणूस कोण, त्याला आत जाण्याचा अधिकार कोणी दिला, यावर सारे अवलंबून असते.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात एक कोवळ्या वयाची आदिवासी मजूर मुलगी आपल्या नातलगांसह एका तक्रारीच्या निमित्ताने आली होती. जबाब झाले, नातलगांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले, मुलीला मागे ठेवून घेण्यात आले आणि दारे बंद झाली. बलात्काराच्या आरोपातून सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती शिक्षा रद्द केली, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या! उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कोठे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. या साऱ्या प्रकरणात विचारावयाचा प्रश्न साधा आहे. त्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात कोणत्या मंत्र्याचा दूरध्वनी आला होता? कोणत्या आमदाराने हस्तक्षेप केला होता? कोणीही नाही. त्या रात्री ते ठाणे पूर्णपणे स्वायत्त होते.

तेव्हा हस्तक्षेप हा मूळ दोष नव्हे. मूळ दोष असा की, ही संस्था ज्यांच्यावर चालते त्यांच्याकडे तिने कधी तोंड करून उभेच राहू नये, अशीच तिची घडण केली गेली. त्यासाठी तिच्या जन्मापर्यंत मागे गेले पाहिजे.

आधुनिक पोलिसांचा जन्म १८२९ साली लंडनमध्ये झाला आणि सर रॉबर्ट पील हे त्याचे जनक, असे पोलीस प्रशिक्षणाच्या पुस्तकांतून शिकविले जाते. निळा अंगरखा, हातात केवळ लाकडी दंडुका, शस्त्र नाही. पोलीस म्हणजे गणवेशातला नागरिक. पीलच्या नावावर नऊ तत्त्वेही सांगितली जातात. ती पीलने लिहिल्याचा पुरावा नाही; विसाव्या शतकातल्या लेखकांनी त्यांना ते सुबक रूप दिले. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. या सोज्वळ कथेत दोन गोष्टी गाळल्या जातात.

पहिली गोष्ट लंडनच्याच गोदीतली. १७९८ साली, म्हणजे पीलच्या एकतीस वर्षे आधी, थेम्स नदीवर वॅपिंग येथे जहाजांवरील मालाच्या रक्षणासाठी एक पोलीस दल उभे राहिले. त्याचा प्रवर्तक पॅट्रिक कोलकुहून हा दंडाधिकारी, आणि बहुतेक खर्च उचलला तो वेस्ट इंडीजच्या साखरेचा व्यापार करणाऱ्या धनिकांनी. जहाज उतरविणारे हमाल सांडलेली साखर, उरलासुरला माल पिढ्यान्पिढ्या आपल्या मजुरीचा भाग म्हणून घरी नेत; आपल्याकडे खळ्यावरच्या बलुत्याला जसा हक्क असे तसाच तो. कोलकुहूनने त्या हक्काला चोरी हे नाव दिले आणि ती पकडायला पगारी माणसे नेमली. त्याच वर्षी कोळसा उतरविणाऱ्या मजुरांनी त्या कचेरीवर चाल केली. दोन वर्षांत, १८०० साली, सरकारने ते दल आपल्या पंखाखाली घेतले. व्यापाऱ्यांची राखण हे आता राज्याचे कर्तव्य ठरले. ती साखर ज्या गुलामांच्या घामातून आली होती त्यांची चोरी कोणाच्या दप्तरी नोंदली गेली नाही, हे ओघाने आलेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण ती थेट आपल्यापर्यंत येते. लंडनचा गृहमंत्री होण्याआधी पील १८१२ ते १८१८ या काळात आयर्लंडचा मुख्य सचिव होता, आणि त्याने पहिले पोलीस उभारले ते तेथे, १८१४ साली. तो देश जिंकलेला, जमीन इंग्रज जमीनदारांची, कूळ आयरिश. तेथे दंडुका पुरणार नव्हता. १८२२ च्या कायद्याने आयरिश कॉन्स्टॅब्युलरी आकाराला आली आणि १८३६ साली ती डब्लिनच्या एकछत्री अमलाखाली आणण्यात आली. तिचा शिपाई बंदूकधारी, राहणार बराकीत, त्याला स्वतःच्या परगण्यात नेमणूक नाही. जनतेत मिसळू नये, तिच्याशी सोयरीक जुळू नये, याचीच ती तजवीज होती. १८८० च्या सुमारास जमिनीची चळवळ पेटली तेव्हा कुळांची घरे रिकामी करताना बंदोबस्ताला उभे असत ते हेच शिपाई. म्हणजे एकाच माणसाने दोन पोलीस घडविले, एक आपल्या लोकांसाठी आणि एक जिंकलेल्या लोकांसाठी. लंडनमध्येही त्यामागे केवळ सौजन्य नव्हते. १८१९ साली मँचेस्टरच्या पीटरलू मैदानात मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र जनसमुदायावर घोडदळ घातल्याने राज्यकर्त्यांची जी नाचक्की झाली, तिच्यातून त्यांनी एवढाच धडा घेतला की सैन्य हुतात्मे निर्माण करते. तेच काम कमी रक्त सांडून करणारी यंत्रणा हवी.

पण इंग्लंडच्या इतर शहरांत एक वेगळी गोष्ट घडली, आणि तिचा उल्लेख आपल्या पोलीस-सुधारणेच्या वाङ्मयात क्वचितच सापडतो. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने निवडून आलेल्या नगरसभेला आपली एक पहारा समिती नेमण्यास सांगितले. शिपाई नेमणे आणि काढणे हे त्या समितीच्या हाती होते. समित्यांवर गिरणीमालक व दुकानदार यांचाच भरणा असे, मताधिकार करदात्यांपुरता होता, आणि संपाच्या वेळी त्या कोणाच्या बाजूने उभ्या राहात हे सांगावयास नको. तरीही पोलीस हा गावाच्या निवडलेल्या सभेला जबाब देतो, हे तत्त्व तेथे रुजले आणि शंभर वर्षांहून अधिक टिकले. ते तत्त्व जहाजात चढून हिंदुस्थानात आले नाही.

येथे आले ते आयर्लंड. १८४३ साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तेथे आयरिश धर्तीवर स्वतंत्र पोलीस दल उभारले आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याने त्याचा कित्ता गिरविला. इतिहासकार या सरळ वंशावळीला पुष्कळ फाटे फोडतात. आयरिश नमुना येथे जसाच्या तसा उतरला नाही, स्थानिक चौकीदारी त्यात मिसळली, हे खरेच आहे. परंतु बराकीतला शिपाई, वरून खाली येणारा हुकूम आणि खालून वर जाणारी खबर हा सांगाडा मात्र तोच राहिला.

त्याआधी आपल्याकडे सारे आलबेल होते असा याचा अर्थ नाही. गावचा पाटील, जागल्या, चोरांचा माग काढणारा रामोशी ही व्यवस्था लोकांच्या जवळची होती, पण जातीच्या उतरंडीत जखडलेली होती. राखणीचे काम ज्यांच्याकडे त्यांच्यावरच पहिला संशय, आणि त्यांच्या कष्टाचा मोबदला वरच्यांच्या मर्जीवर. पेशवाई बुडाल्यावर रामोशांचे किल्ल्यांच्या पहाऱ्याचे हक्क गेले, त्यातून उमाजी नाईकाचे बंड उभे राहिले आणि ते पुण्यात फाशीच्या दोराशी संपले. कालचा राखणदार आजचा गुन्हेगार होतो कसा, हे त्या एका आयुष्यात पाहावे. पुढे १८७१ च्या कायद्याने हे एका माणसापुरते न ठेवता जमातींच्या जमातींना लागू केले. पोटातल्या मुलालाही जन्मतः गुन्हेगार ठरविणाऱ्या त्या कायद्याची वस्ती सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसविली गेली. १९५२ साली तो देशभर रद्द झाला. पारध्याच्या पालावर मध्यरात्री पडणारी पोलिसांची धाड मात्र रद्द झाली नाही.

कंपनीच्या राज्यातील पोलिसी कारभाराचे रूप मद्रासच्या छळ-चौकशी आयोगाने १८५५ साली चव्हाट्यावर आणले. सारा वसुलीसाठी रयतेला उन्हात ओणवे बांधून पाठीवर दगड ठेवणे, बोटे लाकडी चापात पिरगाळणे, हे प्रकार त्या अहवालात नोंदले आहेत. करणारे होते सरकारचेच प्यादे, कारण महसूल आणि पोलीस एकाच हातात होते. लंडनमध्ये गवगवा झाला. पाठोपाठ १८५७ चा उठाव झाला आणि मग १८६० च्या पोलीस आयोगापुढे प्रश्न आला तो रयतेच्या पाठीवरच्या दगडाचा नव्हे, तर लष्करावरचा खर्च कमी करून हा देश ताब्यात कसा ठेवावयाचा, याचा. त्यातून १८६१ चा पाचवा कायदा जन्माला आला.

तो कायदा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावा. फार मोठा नाही. पोलिसांवरची देखरेख सरकारची, जिल्ह्यात नियंत्रण जिल्हा दंडाधिकाऱ्याचे. शिपायाच्या कर्तव्यांच्या यादीत वरिष्ठांचे हुकूम तत्परतेने पाळणे आधी येते, सार्वजनिक शांततेविषयीची खबर गोळा करणे त्यानंतर, आणि गुन्ह्यांचा शोध त्याच्याही मागून. सभा-मिरवणुकींना परवान्याचा लगाम आहे. कोठे गडबड झाली तर तेथे जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च तेथल्याच रहिवाशांकडून वसूल करण्याची सोय आहे. १८९७ साली रँड आणि आयर्स्ट यांच्या वधानंतर पुणेकरांनी असल्या दंडाच्या पोलिसांची चव घेतली. रहिवाशांनी पैसे द्यावेत हे कायद्याला सुचले. रहिवाशांनी काही विचारावे हे मात्र त्यात कोठेही नाही. मुंबई इलाख्याने १८६७ व १८९० साली आपले वेगळे जिल्हा पोलीस कायदे केले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई पोलीस अधिनियम आला. आत्मा जुनाच. तडीपारीची कलमे पाहा. तडीपारीची शिफारस करणारा पोलीस, साक्षीदारांची नावे झाकून ठेवणारा पोलीस, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत सुनावणी घेऊन हुकूम काढणाराही पोलीसच. संपातल्या आणि मोर्चातल्या किती कार्यकर्त्यांच्या घरी ती नोटीस येऊन गेली आहे, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. पोलिसांच्या स्वायत्ततेचा हा नमुना स्वतंत्र भारताच्या विधिमंडळाने संमत केलेला आहे.

राज्यकर्त्यांचा स्वतःचा या यंत्रणेवर किती विश्वास होता, याचीही एक गंमत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात त्यांनी लिहून ठेवले की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरू नये. ज्याच्या हाती त्यांनी अवघ्या मुलुखाची कोठडी सोपविली त्याचा शब्द त्यांच्याच न्यायालयात खोटा ठरला! १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने तर पोलीस भ्रष्ट व जुलमी समजले जातात आणि लोकांचा विश्वास मिळविण्यात ते साफ अपयशी ठरले आहेत, अशी कबुलीच देऊन टाकली. हाती काय आले? प्रांतोप्रांतीचे गुन्हे अन्वेषण विभाग, ज्यांनी पुढे गुन्हेगारांपेक्षा राजकीय कार्यकर्त्यांच्या पाळतीवर अधिक दिवस घालविले. तो अविश्वासाचा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. दंडाच्या जागी न्याय असे नामांतर करून ज्यांनी गुलामीची चिन्हे पुसल्याचा डांगोरा पिटला, त्यांनीच १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत पंधरा दिवसांची पोलीस कोठडी चाळीस वा साठ दिवसांच्या मुदतीत तुकड्यातुकड्यांनी मागण्याची सोय करून ठेवली. इंग्रजांनाही इतके सुचले नव्हते.

१९४७ नंतर हा सांगाडा मोडला का नाही? कारण तो ज्यांच्या हाती आला त्यांना तो उपयोगी पडला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोरारजी देसाई यांच्या मुंबई सरकारने केलेल्या गोळीबारांत शंभरावर माणसे गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु काँग्रेसकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिल्ले यांचे प्रजासमाजवादी मंत्रिमंडळ अधिकारावर असताना दक्षिणेकडील तमिळ भागात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. डॉ. राममनोहर लोहिया त्या वेळी पक्षाचे सरचिटणीस होते आणि उत्तर प्रदेशातील तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा आणि चौकशी व्हावी, अशी मागणी केली. पट्टम यांनी ती मानली नाही, पक्षाने लोहियांना साथ दिली नाही, आणि त्या वादातून पुढे पक्ष दुभंगला. लोहियांनी हट्टाने घर मोडले असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण मंत्रिमंडळाच्या बचावासाठी तेव्हा जी कारणे पुढे करण्यात आली ती काढून पाहा: परिस्थिती हाताबाहेर गेली होती, पोलिसांचा नाइलाज झाला, कायदा व सुव्यवस्था राखणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच आहे. शब्द न शब्द तोच, जो मोरारजींच्या गृहखात्याने पुढे वापरला. गृहमंत्र्याच्या खुर्चीत समाजवादी माणूस बसविल्याने १८६१ चा पोलीस समाजवादी होत नाही, एवढे त्या गोळीबाराने शिकविले. दुर्दैवाने आपल्यापैकी पुष्कळांनी त्या प्रकरणातून शिस्तभंगाचा इतिहास तेवढा लक्षात ठेवला.

मग आणीबाणी आली. जॉर्ज फर्नांडिस यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगलोरात पोलिसांनी जे सोसावयास लावले, केरळात राजन नावाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी पोलीस छावणीत नेला गेल्यानंतर पुन्हा कधीच दिसला नाही, या गोष्टी जनता राज्य आल्यावर उजेडात आल्या. १९७७ च्या नोव्हेंबरात नेमलेल्या धर्मवीर आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. त्यांतली मेहनत नाकारता येणार नाही. अटकांपैकी सुमारे साठ टक्के अनावश्यक वा असमर्थनीय असतात, असे त्या आयोगानेच नोंदविले. पण आयोगाने आणि त्याच्या पाठोपाठ २००६ च्या प्रकाशसिंह निकालाने जो उपाय सांगितला त्याचा गाभा पाहा: राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकाला दोन वर्षांची निश्चित मुदत, बदल्यांसाठी अधिकाऱ्यांचेच मंडळ. म्हणजे मंत्र्याच्या हातची दोरी काढून ती वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती द्यावयाची. तक्रार प्राधिकरणाची एक सूचना त्यात होती, आणि तीही जिल्ह्याजिल्ह्यात असावी असे न्यायालयाने म्हटले होते. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा जिल्ह्याचा विभाग झाला. आता देसाईगंजच्या आदिवासीने पोलिसाविरुद्ध गाऱ्हाणे मांडावयाचे तर त्याचा विभाग नागपूर! आणि तेथे त्याचे गाऱ्हाणे ऐकणार कोण? निवृत्त अधिकारी आणि सरकारने पसंत केलेली प्रतिष्ठित माणसे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक संतापून रस्त्यावर आले, पोलिसांनी धरपकड केली आणि अटकेतला एक दलित तरुण, कायद्याचाच विद्यार्थी, कोठडीत मरण पावला. त्या मृत्यूचा गुन्हा नोंदवा असे उच्च न्यायालयाला २०२५ साली सांगावे लागले. राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध दिल्लीपर्यंत गेले आणि तेथेही हरले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. त्याला मान्यता देणारा कायदा अजून झालेला नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले विधेयक पुढे विरून गेले. या बाबतीत सत्ताधारी आणि विरोधी यांच्यात जागांची अदलाबदल कितीही वेळा झाली तरी फरक पडलेला दिसत नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे, कारण आपल्या लेखनात तिची नेहमी उपेक्षा होते. लाठी उगारणारा शिपाई हा स्वतः कोणाचा तरी शेतमजूर बाप सोडून शहरात आलेला पगारी माणूस आहे. बारा-बारा तासांचा बंदोबस्त, सणावाराला रजा नाही, अधिकाऱ्याच्या घरची भाजी आणणे आणि मुले शाळेत पोचविणे हीही शासकीय सेवाच! नायगाव-वरळीच्या चाळींत तो गिरणी कामगाराच्या शेजारी राहात आला. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्या बंद पडल्या आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईचे पोलीस शिपाई आपल्या संघटनेच्या हक्कासाठी रस्त्यावर आले. सरकारने लष्कर बोलाविले, संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली, अनेकांना नोकरीतून घालविले. गिरणी संपावर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले. त्या संपावर किती पाने लिहिली गेली? इंग्लंडमध्ये १९१८ साली लंडनचे पोलीस संपावर गेले तेव्हा तेथील सरकारनेही दुसऱ्या वर्षी त्यांची संघटना मोडून काढली, पण निदान शिपायांना बोलण्यासाठी एक प्रातिनिधिक मंडळ तरी दिले. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने सरकारच्या परवानगीवाचून संघटनाच करता येत नाही. ज्याला स्वतःच्या वरिष्ठापुढे हक्काने तोंड उघडता येत नाही, तो खालच्याचे तोंड बंद करण्यातच आपली प्रतिष्ठा शोधतो. शिपायाची संघटना ही म्हणूनच आपली मागणी असली पाहिजे. स्वायत्ततेचे पुरस्कर्ते तिच्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत, कारण त्यांना हवी असलेली स्वायत्तता अधिकाऱ्यांची आहे, दलाची नव्हे.

तर मग पोलीस कोणाच्या ताब्यात असावा? लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडताना याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सैन्य केंद्राकडे, सशस्त्र पोलीस राज्याकडे, आणि बाकीचा पोलीस जिल्हा व गाव यांच्या निवडलेल्या सभांकडे. जिल्हाधिकारी हे पदच नको. पंचायत राज्याची घटनादुरुस्ती १९९२ साली झाली तेव्हा पंचायतींना द्यावयाच्या एकोणतीस विषयांची यादी करण्यात आली. तिच्यात पोलीस नाही. नगरपालिकांच्या अठरा विषयांत अग्निशमन आहे, पोलीस नाही. आग विझविण्याइतपत आपला नगरसेवक शहाणा आहे, ठाण्यात काय चालते हे पाहण्याइतपत नाही, असे घटनाकर्त्यांच्या वारसांना वाटले असावे.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. जिल्हा परिषदेच्या हाती पोलीस द्याल तर तो साखर कारखान्याच्या अध्यक्षाचा पहारेकरी होईल. ज्या गावात दलित वस्तीचे पाणी तोडले जाते त्या गावाच्या ग्रामपंचायतीला शिपाई दिला तर तो त्या पाण्यावरच पहारा देईल. मँचेस्टरच्या गिरणीमालकांच्या समित्यांनी दुसरे काय केले? आपल्याच परंपरेतले उदाहरण हवे तर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे आहे. १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजांच्या पोलिसाला ज्या गावांत पाऊल टाकणे कठीण झाले होते तेथे लोकांनी न्यायदान मंडळे चालविली, गुंडांचा आणि सावकारांचा बंदोबस्त केला. ते आपले वैभव आहे. पण तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षा त्यांनीही वापरली. दंडुका लोकांच्या हाती आला म्हणजे तो आपोआप न्यायी होतो, या भ्रमात आपण राहू नये.

म्हणून हुकमाचा अधिकार आणि तपासणीचा अधिकार यांत भेद करावयास हवा. कोणाला अटक करावी, कोणावर गुन्हा नोंदावा हे सभापतीने सांगता कामा नये, मंत्र्यानेही नये. परंतु कोठडीत आज कोण आहे, केव्हापासून आहे, त्याला न्यायालयापुढे उभे केले की नाही, त्याच्या अंगावर वळ आहेत की नाहीत, हे कोणत्याही वेळी आत जाऊन पाहण्याचा अधिकार निवडलेल्या प्रतिनिधीला, आणि त्यांत भटक्या-विमुक्तांचे, दलितांचे, आदिवासींचे, स्त्रियांचे प्रतिनिधी असतील अशा समितीला असलाच पाहिजे. जिल्ह्यात किती जणांना तडीपार केले, किती तक्रारी नोंदवून घेण्याचे नाकारले, कोठडीत किती मेले, याचा हिशेब पोलीस अधीक्षकाने वर्षातून एकदा जिल्हा परिषदेच्या खुल्या सभेत उभे राहून द्यावा. आरोग्य अधिकारी देतो, शिक्षणाधिकारी देतो. अधीक्षकाच्या टोपीला असे कोणते पीस लागले आहे?

ही मागणी कायदा बदलल्यावाचून पुरी होणार नाही, हे उघड आहे. पण कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही, कारण एक फट आजच उघडी आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला आणि त्यांवर देखरेखीसाठी जिल्हा समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या जोडीला शहरात महापौर व ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्य आहे. गेल्या दीडशे वर्षांत निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधीला ठाण्याच्या आत डोकावण्याची मिळालेली ही बहुधा पहिली खिडकी. तिचा उपयोग किती अध्यक्षांनी केला? २०२२ नंतर कित्येक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे निवडणुकांवाचून प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या, म्हणजे ती खुर्चीही अधिकाऱ्यानेच भरली. तेव्हा ज्या जिल्ह्यांत आपले चार-दोन सदस्य असतील तेथे त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न लेखी विचारावेत: या समितीच्या बैठका किती झाल्या, जिल्ह्यातील किती ठाण्यांचे कॅमेरे चालू आहेत, आणि कोठडीतील शेवटच्या मृत्यूच्या रात्रीचे चित्रण कोठे आहे. उत्तरे मिळाली तर ती या अंकाकडे पाठवावीत. मिळाली नाहीत तर तेही कळवावे.